वोकोरसाहेबांचं आठ सिलिंडरांचं इंजिन

मित्रांनो, मी आठ सिलिंडरांचं एक जुनं इंजिन आहे. पॅरिसजवळ, सेन नदीच्या काठावरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हाच्या मोटारींना चार सिलिंडर पुरत. आमच्या मालकांना, वोकोरसाहेबांना, ते पुरेनात. त्यांनी चार-चारांच्या दोन रांगा अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारख्या एकाच दांड्यावर बसवायला लावल्या. "मोटार आहे की तोफखाना?" म्हणत शेजारचे कारखानदार खो खो हसले. चाचणीत मी त्यांच्या गाड्यांना धूळ चारली, तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली.

मला जोडलं एल्वा नावाच्या मेकॅनिकने. अख्खा हिवाळा तो माझे सिलिंडर घासत होता. त्याने मालकांकडे एकच गोष्ट मागितली, उन्हाळ्यातल्या मोठ्या शर्यतीत त्यांच्या शेजारची जागा. तिथला माणूस एका हाताने गाडी घट्ट धरतो आणि दुसऱ्याने पंप मारून मला तेल पाजतो. मालक म्हणाले, "जा, दिली."

एका रविवारी जेवणानंतर पाहुणे कॉफीचे कप घेऊन अंगणात आले. मला चालू करायला एल्वा हँडल फिरवायचा आणि मालक ठिणगीची कळ सांभाळायचे. कळ मागे ओढलेली हवी. पुढे राहिली तर ठिणगी लवकर पडते आणि हँडल उलटं फिरतं.

"हे लाथ मारतं म्हणे?" पाहुण्यांतल्या मादाम ओर्तांसनी विचारलं.

"एल्वाला मारतं. आवडतं त्याला!" मालक म्हणाले.

एल्वाने हँडल धरलं. "मालक, कळ मागे आहे ना?"

"आहे रे बाबा! किती घाबरशील? फिरव!"

मालकांनी बाईंकडे बघून डोळा मारला आणि कळ पुढे सरकवली. ठिणगी पडली की मला पेटावंच लागतं. हँडल उलटं फिरलं, एल्वाचं मनगट मोडलं आणि पाहुणे हसले.

मालक धावत आले ते माझ्याकडे. "दांडा वाकला नाही ना? शर्यत तोंडावर आलीय!"

एल्वाचं हाड वाकडं जुळलं. शर्यतीआधी तो बोटं उघडमीट करून दाखवू लागला. "बघा मालक, धरता येतं." मालकांनी त्याच्या हातात पंपाची मूठ दिली. ती सुटली.

"अरे, पहिल्याच वळणावर उडून पडशील. तुझ्या काळजीपोटीच नाही म्हणतोय."

त्या जागेवर दुसराच बसला. आम्ही जिंकलो. जेवणावळीत मालकांनी लाथेचा किस्सा रंगवून सांगितला आणि लोक पोट धरधरून हसले. मला त्या लोकांची अजून किळस येते.

आता मी संग्रहालयात, काचेमागे आहे. माझ्यासारखे म्हातारे शेवटी सांगतात, आमची निगा राखा. माझी निगा फार राखली गेली, मित्रांनो. यंत्रापाशी कोणाला इजा झाली, तर यंत्राकडे नंतर बघा. त्या रविवारी माझा एकेक बोल्ट तपासून झाला, दांडा दोनदा मोजला. तोवर एल्वा अंगणाच्या पायरीवर हात मांडीवर धरून बसला होता. डॉक्टरला कोणी बोलावलंच नाही. अंधार पडल्यावर तो एकटाच चालत दवाखान्यात गेला.