न उघडायचं पिंप

शेतकऱ्यानं शेतकऱ्याला शिकवायचं, अशी गावात बियाण्याचं काम करणाऱ्या संस्थेची पद्धत होती. गावातून दोन जावांमधली धाकटी निवडली गेली आणि त्या दिवसापासून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणू लागले. निम्मे कौतुकानं, निम्मे चेष्टेनं. तिचं शिकवणं एवढंच: चवळीचं बी कडकडीत वाळवा, पिंपात काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि पेरणीपर्यंत हात लावू नका. आत हवा नसली की बी पोखरणारा भुंगा मरतो.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घेतलं ते थोरल्या जावेनं. धाकटी सांगते म्हणजे खरंच, असं तिचं भाबडं मन. घरातलं सगळं बी तिनं पिंपात भरलं. तिच्या खडकाळ तुकड्यात हेच बी तग धरायचं. दुकानातलं तिथं माना टाकायचं.

पण तिचं घर पडलं रस्त्याला लागून. संस्थेचे पाहुणे गाडीतून उतरले की थेट पिंपापाशी. नुसतं बंद पिंप बघून कुणाचं समाधान होणार? सोबत आलेले संस्थेचे साहेब हसून म्हणायचे, जरा उघडा, फोटो घेऊ. पाहुणे मूठभर चवळी हातात घेऊन वा वा करायचे आणि परत आत टाकायचे. धाकटीनं एकदा सांगून पाहिलं, की अशानं हवा शिरते. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि पुढच्या पाहुण्यांसमोर तेच वाक्य तिच्याकडून वदवून घेतलं, उघड्या पिंपाशेजारी उभं करून. बाकीच्या घरांना पिंपं द्यायची की नाही, हे साहेबांच्या हातात होतं. तिनं तोंड बंद ठेवलं.

"तुझी माणसं आहेत ती," जाऊ म्हणायची. "त्यांना मी कशी नाही म्हणू?"

पेरणीला झाकण काढलं तर आत पीठ, आणि पिठात भुंगेच भुंगे. धाकटीचं स्वतःचं बी आधीच पेरून झालं होतं. ती घरोघर हिंडली, पण ज्याचं त्यालाच पुरत नव्हतं. साहेबांना फोन केला. ते खूप हळहळले आणि पुढच्या हंगामात बघू म्हणाले. तिला रडू आलं, संतापही आला, पण दोन्हींचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

जावेनं चवळी पाखडली. त्यातल्या त्यात बरे दाणे टोपलीत घेतले, उरलेले खायला ठेवले आणि शेत गाठलं. ती दाणे टाकत पुढे चालली, धाकटी पायानं माती लोटत मागे. अर्ध्यावर जाऊ थांबली.

"खरं सांग, येईल ना गं ह्यातलं काही?"

पोखरलेल्या दाण्यात कोंब उरत नाही, हे धाकटीइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं जावेच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

"येईल ताई. थोडं तरी येईल."

जावेचा चेहरा उजळला. "मग खायला ठेवलेलंही घेऊन येते," ती म्हणाली आणि लगबगीनं घराकडे निघाली.

धाकटीला तिला हाक मारायची होती. पण ती टाकलेल्या दाण्यांवर पायानं माती लोटत राहिली.