दोन नंबरची ताटली

धाकट्या जावेने सकाळी भाजलेल्या पावाचा एक काप मोठीने खिडकीजवळ नेला आणि त्यावर स्टीलची छोटी पट्टी ठेवली. जाळीतलं एकेक भोक दोन मिलिमीटरचं होतं, फार तर अडीच. कडेपासून मध्यापर्यंत तिने सोळा भोकं मोजली. सोळाही सारखी. वर्षापूर्वी याच हातच्या पावात एक भोक मोहरीएवढं असे, तर त्याच्या शेजारचं वाटाण्याएवढं, आणि काप उजेडापुढे धरला की भोकांच्या आतल्या भिंती ओलसर चकाकत. आज काही चकाकत नव्हतं.

तिने पट्टी पुसून खिशात टाकली. हा पाव तिच्या चांगलाच ओळखीचा होता. ती स्वतः असाच करायची.

एकतीस वर्षं ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिच्या सहीशिवाय तिथून एकही आकडा बाहेर पडत नसे. एकदा साहेबांनी “जरा बघा, काही करता येतंय का” असं सुचवलं, तेव्हा तिने नमुन्याची बाटली त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं होतं, “तुम्ही पिऊन बघा, मग करू.” ही गोष्ट तिचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. “आमच्या वहिनी म्हणजे सोनाराचा काटा,” म्हणायचा. दीर वायरमन होता. खरं बोलणाऱ्या माणसाचं त्याला फार कौतुक, कारण स्वतः गिऱ्हाइकाला “अर्ध्या तासात येतो” सांगून तो दुसऱ्या दिवशी उगवायचा.

शनिवारच्या शेतकरी बाजारात या घराचं एक टेबल होतं. तिथला नियम असा, की टेबलावर घरी भाजलेले तीनच पदार्थ मांडायचे, आणि हंगामाच्या सुरुवातीला अर्जात जे लिहाल तेच वर्षभर विकायचे. बिस्किटं आणि केळ्याचा केक यांवर कधी वाद झाला नाही. पाव मात्र दोघी जावा करायच्या, एकाच पोत्यातल्या पिठाचा आणि एकाच साच्यात, आणि जागा एकाच पावाला होती. कुणाचं मन दुखायला नको म्हणून मोठीनेच एक रीत पाडली. दोन सारख्या ताटल्या घ्यायच्या, एक नंबर आणि दोन नंबर. कडा काढून टाकलेले चौकोनी तुकडे त्यांवर ठेवायचे आणि ताटलीच्या तळाला नावाची चिठ्ठी चिकटवायची. मत चवीला द्यायचं, माणसाला नाही. मतं तिघांची: सासूबाईंची, दिराची आणि शेजारच्या शिंपिणीची, जी या घरात कुणाचीच कुणी लागत नव्हती.

गेल्या वर्षी तिन्ही मतं दोन नंबरला पडली. सासूबाईंनी तर आणखी एक तुकडा मागून घेतला. पण ताटल्या उचलल्या तेव्हा तळाला काहीच नव्हतं. धुतलेल्या ताटल्या ओल्याच घेतल्या होत्या. खळ सुटून दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर एकमेकींना चिकटून पडल्या होत्या.

“झाली का पंचाईत!” दीर म्हणाला. “आता कुठला कुणाचा?”

“ताईंना विचारा ना,” धाकटी म्हणाली. “त्या सांगतील ते खरं.”

मोठीला निवृत्त होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. तीन आठवड्यांत तिच्या सहीसाठी कुणी काही आणलं नव्हतं. तिने ताटल्यांकडे पाहिलं. दोन नंबरच्या तुकड्यांत मोहरी होती, वाटाणा होता, चकाकी होती. ओळखायला पट्टी लागणार नव्हती.

“दोन नंबर माझा,” ती म्हणाली.

धाकटीने क्षणभर दोन नंबरच्या ताटलीकडे पाहिलं, मग मोठीकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिने ताईवर विश्वास ठेवला. पुरावा कुणीच मागितला नाही, आणि पुढे मोठीला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

येत्या शनिवारी सांगू, असं तिने ठरवलं. मग म्हटलं, एवढा महिना जाऊ दे. मग सांगायला इतका उशीर झाला, की उशिराचीही लाज वाटू लागली. टेबलावर पाव तिचा आणि बांधून द्यायला धाकटी. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, “पाव बरा आहे हो, पण कापताना चुरा फार पडतो.” धाकटी पदर खोचून उभी राहिली. “आमच्या घरात तिन्ही मतांनी निवडलेला पाव आहे हा! तुमची सुरी बोथट असेल.” गिऱ्हाईक ओशाळून दोन पाव घेऊन गेलं. मोठी टेबलाखाली वाकून पिशव्या शोधत राहिली. पिशव्या वरच होत्या.

पुढे धाकटीने तिच्याकडून तक्ता उतरवून घेतला. पाणी किती, पीठ किती, यीस्ट किती, किती अंशाला किती मिनिटं. आधी ती यातलं काही मोजत नसे. हाताला पीठ कसं लागतंय एवढंच बघायची. आता ती थर्मामीटर लावायची आणि ओठ हलवत मिनिटं मोजायची. “जमेल हो ताई,” म्हणायची, “माझा हात जरा अडाणी आहे, एवढंच.” ते सगळं सकाळच्या त्या सोळा भोकांत उतरलं होतं.

मोठी काप घेऊन स्वयंपाकघरात आली. टेबलावर अर्ज पसरून दीर बसला होता. संध्याकाळी पाचच्या आत तो बाजाराच्या कचेरीत द्यायचा होता. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, निम्मे वाटीत आणि निम्मे तोंडात.

“बिस्किटं लिहिली,” दीर म्हणाला. “केळ्याचा केक लिहिला. पुढे?”

तेवढ्यात मागच्या दारातून शिंपीण आत आली. गळ्यात अजून मोजायची टेप होती. “आले हं मी. काल रात्रीपासून पोटात अन्न नाही, मत द्यायचं म्हणून.”

“मघाशी कुंपणाशी उभी राहून काय चघळत होतीस मग?” सासूबाई म्हणाल्या.

“दोरा तोडत होते, काकू.”

“दोऱ्याला लोणी कधीपासून लावायला लागलीस?”

सगळे हसले. धाकटी सिंकपाशी पाठमोरी उभी होती. तीही हसली आणि न वळताच म्हणाली, “या वर्षी ताटल्या नकोत. उगाच सगळ्यांचा वेळ जातो. ताईंचाच पाव लिहून टाका.”

“असं कसं?” शिंपीण म्हणाली. “माझं मत म्हणजे काय फुकटचं आहे का?”

“अहो, आता दोन्ही पाव सारखेच लागतात. सकाळी मी खाऊन बघितले ना. मग ज्यांचा मुळातला आहे त्यांचाच राहू दे. आणि खरं सांगू? हौस फिटली माझी. पावाचा हात नाहीये मला. बिस्किटं करीन, केक करीन.”

तिने फडताळातून काचेची बरणी काढली. आत पाव फुगवायला विरजणासारखं घालायचं आंबवलेलं पीठ होतं. नऊ वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा आईकडून तिने ते मूठभर आणलं होतं, आणि रोज चमचाभर ताजं पीठ घालून जिवंत ठेवलं होतं. आई आता नव्हती. गावाला जायचं झालं की धाकटी ही बरणी शिंपिणीकडे ठेवून जायची, आणि तिला बजावायची, “झाकण घट्ट लावू नका हं, तिचा जीव घाबरतो.”

“बरणी कशाला काढलीस?” सासूबाईंनी विचारलं.

“बिस्किटांना होईल. रोज पीठ घालायचं, रोज थोडं काढून टाकायचं, आणि कशासाठी? ताईंचा पाव दुकानातल्या यीस्टवर होतो, तो काय वाईट आहे?”

तिने नळ सोडला. बरणी तिरकी केली. पिठाचा करडा गोळा काचेवरून सावकाश सरकायला लागला. त्यात मोहरीएवढे बुडबुडे होते, वाटाण्याएवढेही होते, आणि सिंकवरच्या दिव्यात ते चकाकत होते.

मोठीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने प्रत्येकाकडे पाहिलं. दिराने पेन टेकवलं होतं, ‘मो’ लिहूनही झालं होतं. सासूबाईंचा अंगठा शेंगेत होता. शिंपिणीने ताटलीसाठी आधीच हात पुढे केला होता. गेल्या वर्षी होती तीच तिन्ही माणसं. काटा कोणत्या बाजूला झुकला होता ते यांना आता कळणार होतं, आणि यापुढे या घरात तिने सांगितलेला कुठलाही आकडा कुणीतरी एकदा पडताळून बघणार होतं.

तिने पुढे होऊन नळ बंद केला. धाकटीच्या हातातली बरणी सरळ केली. धाकटीने वळून तिच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं.

“काय झालं ताई? बरं वाटत नाहीये का?”

“भाऊजी, ते खोडा,” मोठी म्हणाली. तिने बरणी काढून घेऊन ओट्यावर ठेवली. “खोडा ते. पाव धाकटीचा लिहा. या बरणीतला, तिच्या जुन्या हातचा. गेल्या वर्षी तुम्ही तिघांनी निवडलेली दोन नंबरची ताटली तिची होती. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी खोटं सांगितलं.”