शेजारची आई

आमच्या शेजारणीचं नाव आई आहे. आडनाव मोरिता. गाव जपानात कुठेतरी समुद्राकाठी आणि मुक्काम सध्या इथे ओमानमध्ये, अल हैलला, आमच्याच मजल्यावर. समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या कुठल्याशा प्रकल्पावर ती इंजिनियर आहे. राहायला आली त्या दिवशी बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभी राहिली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम आई."

"कुणाची?" मी विचारलं.

तोंडातून मराठीच निघालं, काय करणार. तिला काही कळलं नाही, ती नुसती हसली. माझा नवरा स्वरूप मात्र आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसून आला. मग तिने मोबाइलवर नाव लिहून दाखवलं. एकच अक्षर, पण खिडक्या-दारं असलेल्या घरासारखं भरगच्च. अर्थ, प्रेम. उच्चार आपल्या आईसारखाच. मुलींचं हे नाव तिकडे पुष्कळ ठेवतात म्हणे.

या सगळ्यात आमची केतकी हसली नव्हती. ती माझ्या मागे उभी राहून त्या बाईकडे टक लावून बघत होती. तेव्हाच मला पुढचं दिसायला हवं होतं, पण मला कुठलीही गोष्ट नाकाला लागल्याशिवाय दिसत नाही.

केतकी स्वरूपची मुलगी, पहिल्या बायकोची. नीलम गेली तेव्हा पोर बालवाडीत होती. मी आले दोन वर्षांपूर्वी. त्याआधी कराडला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचे, आणि माझं लग्न होईल ही आशा माझ्या भावांनी केव्हाच सोडली होती. लग्नाच्या दिवशी केतकीने आजीला विचारलं, हिला काय म्हणू? माझ्या सासूबाई, रखमाबाई, दापोलीकडच्या. त्या म्हणाल्या, "तूर्त मावशी म्हण गो बाय." ते तूर्त अजून चालू आहे. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्याने केली, त्याला कधी मावशी व्हावं लागलं नसणार.

मला आई म्हणवून घ्यायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. मी स्वतः सासूबाईंना लग्नाच्या मांडवातच आई म्हणायला लागले, मला जमेल का हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मला एका दिवसात जमलं ते या मुलीला दोन वर्षांत का जमू नये, असं माझ्या मनात यायचं. तिचा डबा, तिची वेणी, शाळेची बस, ताप, उवा, सगळं मीच बघते. मी काही फार गोड बाई नाही, माझा आवाज चढतो. पण रागवायला हक्काची आणि हाकेला परकी, हे मला डाचायचं.

त्यात हा माशांचा प्रकार. आमच्या माहेरी अंडंसुद्धा अंगणातल्या चुलीवर उकडायचे. इथे आल्यावर मी नाकाला पदर लावून मासे करायला शिकले. केतकी एक घास खाऊन म्हणायची, "मावशी, हा बांगडा ना, सॅड आहे." आणि शेजारी आई मोरिता, जिला मासा म्हणजे जीव की प्राण. दर शुक्रवारी सुट्टीला ती सीबच्या मासळीबाजारात जाते. एकदा तिने केतकीला नेलं. परत आल्या त्या दोघी हसत, एकीच्या हातात सुरमई आणि दुसरीच्या हातात तारलीची पिशवी. मग ते दर शुक्रवारचंच झालं.

आणि मग सुरू झाल्या हाका. आमच्या आणि तिच्या गॅलरीत मध्ये एक हातभर भिंत आहे. "आई, हे बघ!" "आई, कम फास्ट!" "आई, मी येऊ?" दिवसभर. पहिल्या हाकेला दर वेळी माझी मान वळायची. हातातली लाटणी, चमचे थांबायचे. वसईची मार्था खालच्या मजल्यावर राहते, तिने लिफ्टमध्ये मला कोपराने ढोसलं. "काय गं विशाखा, तुझी पोर त्या मॅडमला आई-आई करत फिरते, आणि तू कुठे होतीस?"

"मी मावशी होते," मी म्हटलं. मार्था हसली. मी नाही हसले.

सासूबाईंकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज. अशाच एका शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. केतकी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत आजीला शाळेतलं काहीबाही सांगत होती. तेवढ्यात बाहेरून शेजारणीने हाक मारली. केतकीने "आले, आई!" अशी खणखणीत ओ दिली आणि फोनमध्ये म्हणाली, "आजी, मी जाते हां. आई बोलावते. आम्ही फिश आणायला चाललो. आईला ना एकदम फ्रेश लागते." फोन माझ्या हातात कोंबून ती पळाली.

मी फोन कानाला लावला तर पलीकडून हुंदके. मला वाटलं कुणी गेलं की काय.

"काय झालं आई?"

"काय नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "आयकलं मी. माज्या कानांनी आयकलं." आणि फोन ठेवला.

मला उलगडा झाला तो दोन-तीन दिवसांनी, त्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा. आमच्या लग्नाच्या वेळी त्यांनी गावदेवीला नवस बोलला होता, की माझी नात सुनेला आई म्हणू दे, तुला साडी नेसवीन. कुणाला बोलल्या नव्हत्या. आता गुरवाकडून गाऱ्हाणं घालून देवीला साडी नेसवून झाली होती, हिरवी, जरीच्या काठाची. वाडीत घरोघरी पेढे गेले होते. "आता मी सुटले बाय," त्या म्हणाल्या. "नीलमबी सुटली. तिचापन जीव पोरीत अडाकला व्हता."

मी हं हं करत राहिले.

संध्याकाळी स्वरूपला सांगितलं. तो एसीची कामं बघतो, दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर उन्हात असतो, घरी आल्यावर त्याला कुठलाच प्रश्न नको असतो. म्हणाला, "राहू दे ना. आपण कुठे खोटं बोललो? तिने ऐकलं, तिला बरं वाटलं. खलास."

"आणि सुट्टीत गावी गेल्यावर? सगळी वाडी केतकीच्या तोंडाकडे बघत बसेल. ती मला मावशी म्हणेल, मग?"

"तोपर्यंत म्हणायला लागेल, इन्शाल्ला."

असल्या वेळी हा माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्याला काहीही करायचं नसतं. मला भयंकर राग आला. साडी माझ्या नावाने नेसवली, पेढे माझ्या नावाने वाटले आणि हाक गेली शेजारच्या दारात. रागाच्या भरात मी चपला पायात सरकवल्या आणि शेजारची बेल वाजवली. केतकीने तुम्हाला दुसऱ्या नावाने हाक मारावी, एवढंच सांगायचं होतं.

शेजारणीने आत बोलावलं, चहा दिला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मी माझ्या इंग्रजीत तिला आमच्या भाषेत आई म्हणजे काय ते सांगितलं. ती कप धरून तशीच बसली.

मग म्हणाली, "म्हणजे ती इतके दिवस मला मम्मा म्हणत होती?"

"शब्द तोच आहे," मी म्हटलं.

तिने मग तिची हकिगत सांगितली. शाळेत तिच्या वर्गात तिघी आई होत्या. (हे वाक्य मनातल्या मनात मराठीत करताना मला रागातही हसू आलं.) गोंधळ नको म्हणून बाई तिघींना आडनावाने बोलवायच्या. नोकरीत तर तिकडे सगळे आडनावानेच बोलवतात. घरी तिचं नाव घेणारी एकटी तिची आई, ती वारली. त्यानंतर कित्येक वर्षांत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारलीच नव्हती. शेजारच्या लहान मुलीने तिकडच्या रीतीने मोरिता-सान म्हणायला हवं. पण इथे ओमानमध्ये सगळे पहिल्या नावाने बोलावतात, म्हणून तिनेही आपलं नाव सांगून टाकलं.

"केतकीने मला पहिल्याच दिवशी विचारलं," ती म्हणाली. "मी खरंच या नावाने हाक मारू का, कुणी रागावणार नाही ना, असं. मी म्हटलं, मार की. तर ती जिन्यात उभी राहून कितीतरी वेळ तेच म्हणत होती. हळू, मग मोठ्याने, मग परत हळू. मला वाटलं, उच्चार पक्का करते आहे."

मी कप खाली ठेवला. आमच्या घरात तो शब्द फक्त मी वापरत होते, फोनवर, सासूबाईंना. स्वरूप तर नीलमचं नाव निघालं की उठून जातो. त्या मुलीच्या तोंडाला तो शब्द बालवाडीपासून नव्हता. जिन्यात उभी राहून ती बिचारी तो परत म्हणून बघत होती, एका अशा बाईला, जिला म्हटल्याने कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. आणि मी तोच काढून घ्यायला चपला घालून आले होते. मला माझी लाज वाटली.

"मी तिला सांगू का, मोरिता म्हण?" शेजारणीने विचारलं. तिचा चेहरा मात्र तसं करायला तयार नव्हता.

"नको," मी म्हटलं. "तुमचं नाव आहे ते. म्हणू दे तिला."

घरी आले तरी सासूबाईंचं ओझं होतंच. मला ती हाक हवी होती, आजही हवी आहे. पण ऐकण्यातल्या चुकीने आलेली नको होती. उद्या गावी गेल्यावर कुणीतरी केतकीला म्हणणार, देवीला साडी नेसवली आहे, आता आई म्हण. तिच्या तोंडात तो शब्द असा कुणी कोंबलेला मला चालला नसता.

पुढच्या फोनला मी सांगून टाकलं. स्वयंपाकघरात होते, नळाखाली पालक धूत. फोन स्पीकरवर ठेवला होता आणि केतकी टेबलाशी चित्र रंगवत होती. तिच्यापासून लपवून सांगायचंच नव्हतं.

"आई, त्या दिवशी केतकीने हाक मारली ती मला नव्हती."

"मग कोनाला?"

"शेजारणीला. जपानची आहे. तिचं नावच आई आहे."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बाईमानसाचं नाव आय? असं कोन ठेवतं?"

"तिकडे ठेवतात. खूप जणींचं असतं."

"लगीन झालं नसलं तरी?"

"नसलं तरी."

मग त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "म्हंजे पोरीनं तुला आय म्हनावं हा नवस फिटला नाय म्हनायचा, नि देवीला साडी तर नेसवली. गुरवाला सांगाया होवं. लोकं हसतील गो."

"हसू दे. माझ्या नावावर ढकला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. केतकी येऊन फोनशी उभी राहिली. "आजी, नवस कॅन्सल नको करू."

"बाय, असा खोटा नवस ठेवू नये. देवीला कळतंय."

"खोटा नाही." केतकी शब्द शोधत थांबली. मराठीत तिला नेहमीच थांबावं लागतं. "तो फक्त लेट आहे. साडी आधी गेली. मला थोडा टाइम पाहिजे. तू परत घेतलीस तर आईला वाईट वाटेल."

"कुठल्या आयशीला गो? त्या शेजारच्या?"

"नाही," केतकी म्हणाली. "आपल्या."

ती हाक नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फोनकडे बघूनच बोलत होती. माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेली ती गोष्ट होती. पण हातातला पालक मी तसाच घट्ट धरून उभी होते आणि समोरची खिडकी मला धड दिसत नव्हती. तिकडे सासूबाई म्हणत होत्या, काय म्हनालीस, परत बोल, परत बोल.

केतकी माझ्याकडे वळली.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी वाया चाललंय."

मी नळ बंद केला.