लूर्दला निघालेली लूर्द

शेजारच्या दीनानाथांनी पुस्तकाचं पान बोटाने दाबून धरलं आणि फ्रेंच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

"ज मापेल लूर्द. माझं नाव लूर्द."

"ज मापेल लूर्द," लूर्दबाई म्हणाल्या आणि हसल्या. "बाईचं नाव लूर्द, गावाचं नाव लूर्द. त्यांना वाटेल, म्हातारी मस्करी करते."

"नाही वाटणार. तिकडे नॅन्सी नावाचं शहर आहे. लोरेन नावाचा प्रांत."

"काय सांगता! आमच्या कोर्लईत दोन नॅन्सी होत्या नि एक लोरेन. अर्धा फ्रान्स विहिरीवर भांडायचा."

पायरीवर पाटी टेकवून बसलेली काशी कोळीण कोळंबी निवडत ऐकत होती.

"माजा नाव आयेनी काशी ठेवलान," ती म्हणाली. "पन माजेकरं लोका पाप धवाला येत नाय मास्तर, बोंबील घ्याला येतान."

तिघंही हसले. काशीने कोळंबी लूर्दबाईंच्या भांड्यात ओतली आणि पाटी डोक्यावर घेऊन ती करावे गावाकडे निघाली.

लूर्दबाईंच्या सीवूड्समधल्या तळमजल्याच्या गॅलरीसमोर तिवरं होती, पलीकडे खाडी. संध्याकाळी पाणी आणि आभाळ एकाच राखी रंगात विरघळलं, की दीनानाथांना ती खाडी वाटत नसे. डोंगरातून उतरलेली कुठलीशी नदी वाटे, आणि तिच्या काठाने मेणबत्त्या घेऊन चाललेले लूर्दचे यात्रेकरू दिसत. ते स्वतः कधी फ्रान्सला गेले नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला असताना रद्दीत निघालेल्या या पुस्तकावरून ते फ्रेंच शिकले होते. खऱ्या फ्रेंच माणसाला आपलं बोलणं कळेल का, ही शंका त्यांना प्रत्येक शब्दाला येई.

लूर्दबाईंच्या आधीची भावंडं जगली नव्हती. आईने लूर्दच्या माउलीला नवस केला होता, ही जगली तर तुझ्या गावाचं नाव ठेवीन आणि तिला तुझ्या पायाशी आणीन. नाव ठेवलं गेलं. जाणं राहिलं ते राहिलंच. आता फ्रान्समध्ये मार्सेलला स्थायिक झालेल्या मुलाने, सेवियोने, तिकीट पाठवलं होतं. परतीची तारीख मोकळी होती. "इथेच राहा आता, मम्मा," तो फोनवर म्हणाला होता. "बघू," लूर्दबाई म्हणाल्या होत्या. समोर बसलेल्या दीनानाथांनी तेव्हा चहाचा कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

उद्या विमान होतं.

"झालं तर मग," म्हणत दीनानाथांनी पुस्तक मिटलं.

"झालं कसं? मधला एक धडा तुम्ही गाळलात. मी पानं बघत होते ना."

"तो... फारसा लागत नाही."

"काय आहे त्यात?"

दीनानाथ तिवरांकडे बघत राहिले. "तुम्ही कुठे राहता, ते सांगायचं."

"ते तर पहिलं विचारतील. शिकवा."

त्यांनी पुस्तक उघडलं नाही. वाक्य त्यांना पाठ होतं.

"जाबित आ... म्हणजे, मी राहते... आणि पुढे गावाचं नाव." त्यांचा आवाज खाली आला. "पुस्तकात पॅरिस दिलंय. तुम्ही तुमचं घाला."

भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत शिरत होतं. लूर्दबाईंनी पदर सावरला, वर्गात उभं राहिल्यासारखी पाठ ताठ केली.

"जाबित आ सीवूड्स."

उच्चार अगदी स्वच्छ होता. दीनानाथांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, बराच वेळ पुसला.

"अजून थोडा सराव हवा," ते म्हणाले. "पुन्हा एकदा म्हणा."