तिसरी प्रत

सिद्धम्माने कनवटीला खोचलेला कागद काढून टेबलावर पसरला.

“ह्यात आमची बेडगे वस्ती कुठं हाय? बोट ठिव बाई.”

“आजी, हा तर तहसील कचेरीतला कागद. तुमच्याकडं कसा?” प्रेमाबाईने विचारलं.

“तिथल्या कारकुनानं दिला. म्हनला, तुमच्या वस्तीचं नावच न्हाय, टँकर कशाच्या जोरावर मागू? संघात जाऊन इचारा. दोन कोस चालत आले म्या.”

कागद प्रेमाबाईनेच छापला होता. १९८७ चा एप्रिल. चाऱ्यावाचून दूध आटलं, तसे दूध संघाचे दोन्ही टँकर पाणी वाहू लागले. आठवड्यात कोणत्या गावाला किती फेऱ्या झाल्या याचा अहवाल दर शनिवारी तहसीलला जाई. जिथे संघाची एकही फेरी नाही, तिथे सरकारी टँकर पाठवायचा, असं ठरलं होतं. अहवाल संघाच्या नव्या कॉम्प्युटरवर निघे. त्या यंत्राला हात लावायला कुणी धजेना, म्हणून टायपिस्ट प्रेमाबाई सोनकांबळेला आठ दिवस सोलापूरला शिकायला पाठवलं होतं.

तिने कागद खिडकीशी नेला. फेऱ्या झालेली गावं जाड, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत होती. त्यांच्या मधे मधे करड्या रेघा होत्या. तिने डोळे बारीक केले. त्या रेघा नव्हत्या. ती नावं होती.

सचिव नानासाहेबांनी सांगितलं होतं, “फेरी झालेलं गाव जाड दिसलं पाहिजे. शून्यवाली बारीक करा. सगळं एका पानात बसवा.” प्रेमाबाईने शेजारी डिक्शनरी ठेवून प्रिंटरचं पुस्तक वाचून काढलं. अक्षर जाड करायचं तर प्रिंटरला सत्तावीस हा आकडा आणि पाठोपाठ इंग्रजी ई पाठवायचा. बारीक करायचं तर नुसता पंधरा. फेऱ्या शून्य असतील तर पंधरा, नाहीतर सत्तावीस, अशी अट तिने प्रोग्रॅममध्ये लिहिली. पहिलं पान निघालं तेव्हा ते घरी नेऊन आईला दाखवलं होतं.

कार्बन घालून तीन प्रती निघत. संघाची रीत अशी, की पहिली स्वच्छ प्रत अध्यक्षांची, दुसरी फाइलला, आणि सरकारला तिसरी. तिथपर्यंत पोचताना प्रिंटरने ठिपक्यांनी काढलेली बारीक अक्षरं एकमेकांत मिसळून जात. कारकुनाला वाटलं, दोन ओळींमध्ये रेघ आखली आहे. प्रेमाबाईने रेघा मोजल्या. सतरा. पाच आठवडे सतरा वस्त्या कचेरीत पोचत होत्या आणि कुणालाच दिसत नव्हत्या.

“घावली का?” सिद्धम्माने विचारलं.

“घावली आजी. चूक माझी हाय.”

“तुझी? तू काय इहीर आटवलीस व्हय?”

प्रेमाबाई कागद घेऊन नानासाहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, तिसऱ्या प्रतीत शून्यवाली गावं उमटंनात.”

“ठाऊक हाय मला.”

“कवापासनं?”

“दुसऱ्या हप्त्यापासनं. पहिल्या प्रतीत हायेत का न्हाईत?”

“हायेत.”

“आपण आकडा बदलला का?”

“न्हाय.”

“मग खोटं कुठं हाय? सतरा शून्यं ठळक दिसली की कचेरी इचारंल, संघाचे टँकर जातेत कुठं.”

ते कुठे जात हे संघाच्या गावात, लोहाऱ्यात, सगळ्यांना माहीत होतं. एक टँकर रोज एका संचालकाच्या द्राक्षबागेत रिकामा होत होता.

“त्या वस्तीवरची आजी दोन कोस चालत...”

“प्रेमाबाई, मशीन आलं तवा टायपिस्टची जागा गेली. तुमाला ठिवून घेतलं ते आमी. खुर्ची गुबगुबीत हाय न्हवं? बसा मग निवांत.”

ती खुर्चीवर येऊन बसली. अहवालात एक अक्षर खोटं नव्हतं, याचाच तिला संताप आला. खोटं असतं तर खोडता आलं असतं. इथे खरं लिहून ते न दिसण्याची सोय केली होती, आणि ती सोय तिच्याच हातची होती.

तिने प्रोग्रॅम उघडला आणि दोन ओळी बदलल्या. शून्याला सत्तावीस आणि ई. बाकीच्यांना काही नाही, साधं अक्षर. एकाची दोन पानं झाली. तिसऱ्या प्रतीवर बेडगे वस्तीचं नाव कोळशाने लिहिल्यासारखं उमटलं.

“वाचून सही करा साहेब,” तिने प्रती पुढे ठेवल्या.

“त्यात वाचायचं काय?” नानासाहेबांनी जाड ओळींवरून नजर फिरवली. जाड म्हणजे फेऱ्या, हे त्यांनीच ठरवलेलं. “ह्या हप्त्याला काम जोरात झालंय की,” म्हणत त्यांनी तिन्ही प्रतींवर सह्या केल्या.

मंगळवारी सरकारी टँकर बेडगे वस्तीवर गेला. सतरापैकी अकरा ठिकाणी पोचला. सहा ठिकाणी रस्ता नाही असं कारण लिहिलं गेलं. द्राक्षबागेबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. जाब विचारला तो प्रेमाबाईला, नानासाहेबांनी, तोही एकदाच, दार लावून. बुधवारी तिच्या खुर्चीवर लातूरहून आणलेला माणूस बसला आणि तिची रवानगी दुधाचे डबे धुण्याच्या शेडमध्ये हजेरी घ्यायला झाली. लेखी काहीच नाही.

शेडमध्ये टेबल नव्हतं. एका पालथ्या डब्यावर बसून तिने हजेरीची वही उघडली. आधीच्या कारकुनाने रोज एकच ओळ लिहिली होती: ‘डबे धुणाऱ्या बायका, तीन.’

“पुरं नाव सांगा,” ती पहिलीला म्हणाली.

“ईठाबाई ल्ह्या की. सगळे तेवढंच म्हनतेत.”

“आडनाव?”

पाणी नव्हतं, म्हणून डबे राखेने घासणं चाललं होतं. विठाबाईने राखेचा हात लुगड्याला पुसला आणि शेजारणीकडे पाहिलं. आठ वर्षं ती या शेडमध्ये होती. आडनाव सांगायला तिला थोडा वेळ लागला.

प्रेमाबाई पेन उघडं धरून थांबली.