अठरा फुटी ओंडका

मी सावरीचा ओंडका बोलतोय. खरं तर आता ओंडकाही राहिलो नाही. तीन फुटांचा एक तुकडा उरलोय, कुरुंदा गावातल्या एका शेतात, हळद शिजवायच्या भट्टीजवळ पडलेला. जाळात जायच्या आधी जे घडलं ते सांगून टाकतो.

ओढ्याकाठी जळबा धनगराच्या बांधावर मी वाढलो. मला कुणी लावलं नाही, आपसूक उगवलो. फाल्गुनात माझी लाल फुलं गळायची आणि जळबाची मेंढरं ती खायला पळत यायची. चैत्र सरता सरता बोंडं फुटली की त्याची बायको पंचफुलाबाई कापूस वेचून उशा भरायची. त्यापलीकडे त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही.

गेल्या भाद्रपदात ओढ्याला पूर आला. काठ खचला, मुळं उघडी पडली आणि मी आडवा झालो. पाण्यानं मला ओढत नेलं आणि खालच्या गावाच्या फरशी पुलाला अडकवलं. पाणी ओसरलं तेव्हा माझा शेंडा पुलावर होता आणि बुंधा चिखलात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरा मशीनवाला शिवशंकर आला. त्याच्यासोबत संतोष नावाचा कापणारा होता. वाहून आलेली झाडं काढून न्यायची, सरळ खोडाच्या फळ्या पाडायच्या आणि उरलेलं जळणाला द्यायचं, हा त्यांचा धंदा. सावरीचं लाकूड मऊ, पण स्लॅबखाली लावायच्या फळ्यांना ते चालतं. शिवशंकरनं टेप लावला. "सरळ अठरा फूट हाय. अशी लांबी आता बघायला मिळंना."

संतोषनं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्याची मागची बोथट बाजू, माझ्यावर दोनदा आपटला आणि कान लावला. "मालक, आवाज बद्द येऊन राहिला. आत पोकळ हाय वाटतं."

"ओलं हाय म्हणून," शिवशंकर म्हणाला.

संतोषचं बरोबर होतं. आठ-दहा वर्षांपासून किडे मला आतून खात होते. मला ते माहीत होतं, पण झाडाला तोंड नसतं.

तेवढ्यात जळबा आणि पंचफुलाबाई मला शोधत आले. झाड आमचं हाय, असं जळबा म्हणाला. शिवशंकर भांडला नाही. "तुझंच हाय बाबा. मेंढ्यांच्या वाड्याला फाटक करून देतो. तुला इथला चिखल ठावा हाय, उचलायला तेवढी साखळी घाल खालून." जळबाला ते पटलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि माझ्या बुंध्याखाली साखळी सारू लागला.

खालचा चिखल सरकला. मी अर्धा वळसा फिरलो. जळबाचा डावा पाय गुडघ्याखाली माझ्याखाली गेला.

तो ओरडला नाही. एकदाच "आई" म्हणाला. पंचफुलाबाई पाण्यात धावली आणि मला ढकलू लागली. माझ्या अंगावर काटे आहेत. ते तिच्या तळव्यात रुतले, तरी तिनं हात काढले नाहीत.

संतोषनं हातातली करवतीची मशीन सुरू केली. "मधून तोडतो. मग हे टोक चार माणसं पहारीनं सारतील. पाच मिनिटांचं काम."

"थांब," शिवशंकर म्हणाला. "मधून तोडलं तर नऊ-नऊ फूट राहतंय. काय कामाचं? कळमनुरीहून जेसीबी बोलावतो. अर्ध्या तासात येतो."

"मालक, माणूस हाय खाली."

"मला दिसत न्हाई का? जिवाला धोका न्हाई, पायच तर अडकलाय."

संतोषनं मशीन बंद केली. पुलावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढून घेत होतं. पहार कुणीच आणली नाही.

अर्ध्या तासाचे तीन तास झाले. पंचफुलाबाई जळबाचं डोकं छातीशी धरून पाण्यात बसली होती. मधेच ती संतोषला म्हणाली, "लेकरा, चालव की ती मशीन. काहून बसला?" संतोष मालकाकडे पाहत राहिला. मालक फोनवर होता.

मग जळबा म्हणाला, "पंचफुले, आता दुखून न्हाई राहिलं."

तिला हायसं वाटलं. "बरं झालं माय," ती म्हणाली. संतोषनं मात्र मान खाली घातली.

जेसीबी आला. मला अख्खं उचललं, तडा जाऊ नये म्हणून जपून उचललं. आधी मला ट्रॉलीत ठेवलं. मग जळबाला जीपमध्ये.

नांदेडच्या दवाखान्यात त्याचा पाय मांडीपासून काढला. त्याच दिवशी मी करवतीवर होतो. पहिली फळी सुटली आणि माझ्या पोटातून तपकिरी भुसा आणि पांढऱ्या अळ्या पडल्या. अठरा फुटांत एकही फळी धड निघाली नाही. शिवशंकरनं पायानं भुसा उडवला, "हुकलं," म्हणाला आणि चहाला गेला. संतोषनं माझे तीन-तीन फुटांचे तुकडे केले. त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा कामाला आला.

ही भट्टी शिवशंकरच्याच शेतात आहे. कढईखाली जाळ घालायला त्यानं पंचफुलाबाईला कामावर ठेवलंय. आल्या-गेल्याला तो ते सांगतो. "मेंढरं इकावी लागली बिचाऱ्यांना. म्हटलं, आपण न्हाई बघायचं तर कुणी?" ऐकणारे मान डोलावतात. पंचफुलाबाईही खाली मान घालून ऐकते. दुसरं काम नाही.

मघाशी तो इथं येऊन गेला. मला बुटानं तिच्याकडे लोटत म्हणाला, "हे एवढं घरी ने. जळबाच्या पायाला शेक दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा एक काटा अजून शाबूत आहे. त्यावर तिनं अंगठा ठेवला.

"कोणत्या पायाला, मालक?" तिनं विचारलं.

तो नुसता हसला. मग हळद नीट शिजव म्हणून सांगून निघून गेला.

आता तिनं मला उचललंय. बाई, मला घरी नेऊ नकोस. जळबासमोर ठेवू नकोस. इथंच जाळात टाक.

तिनं टाकलं.