पुनवेआधीचा मासा

"पळू नको, आबा! पळू नको म्हटलं ना!"

दगडू पळाला. म्हणजे तो स्वतः खाटेवरच बसला होता. पळत होता तो टीव्हीतला माणूस, गुडघाभर बर्फातून, आणि त्याच्या मागे लांडगा लागला होता. दगडूने हातातला कंट्रोलर वल्ह्यासारखा आवळून धरला, अंग पुढे झुकवलं, तोंडाने "चल चल चल" सुरू केलं. तेवढ्यात पडदा आधी लाल झाला, मग काळा.

"खाल्ला का त्यानं?" दगडूने विचारलं.

"खाल्ला," शेजारी बसलेली नात रीमा म्हणाली.

स्वयंपाकघरातून बायकोचा, चंद्रावतीचा आवाज आला, "आज बी मेलास काय? मंग भात टाकू का नको तुज्या नावाचा?"

"टाक, टाक. मरून लय भूक लागली."

रीमा हसली नाही. ती सहावीत जाणार होती आणि शिकवायला बसली की शाळेतल्या बाईंपेक्षा कडक असायची. तिने मांडी घातली आणि आबाकडे तोंड केलं. "आता नीट ऐक. लांडग्याला पाठ दाखवायची नाही. त्याच्याकडे बघत बघत मागे सरकायचं. हातात मशाल पाहिजे. आणि पळायचं तर नाहीच नाही. पळालास की घाम येतो. घामाने कपडे भिजतात, भिजलेले कपडे गोठतात. लांडग्याच्या तावडीतून सुटलास तरी थंडीने मरशील."

"घाम येऊन मानूस मरतो? मंग आमी सगले होडीवरच मेलो असतो."

"आबा, ही होडी नाही. हे जंगल आहे."

दगडू उत्तनजवळच्या चौक गावचा कोळी. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या समुद्रात गेली, त्यातली बरीच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून. होडी त्याच्या शब्दावर वळायची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी पुतण्याच्या हाती गेली आणि दगडू घरात आला. घरात आलेल्या तांडेलाला काही काम नसतं. मुलगा अल्पेश भाईंदरच्या एका कारखान्यात, सून स्वाती मीरारोडला एका दुकानात. दिवसभर दोघंही बाहेर. मे महिन्याची सुट्टी लागली आणि रीमानेच आजोबाला पकडून बापाच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं. लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडलेली होती. गेममध्ये एक एकटा माणूस होता, बर्फ होतं, आणि जगायचं होतं. बाकी काही नाही. कुणाला हरवायचं नाही, कुठे पोहोचायचं नाही.

हेच दगडूला आवडलं.

हळूहळू तो शिकला. वादळ आलं की निघायचं नाही, आडोशाला बसून राहायचं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. दिसेल ते सगळं पाठीवर लादायचं नाही, ओझ्याने माणूस लवकर दमतो. पडद्याच्या कोपऱ्यात थंडी, तहान, झोप आणि भूक यांची चिन्हं होती. अक्षरं इंग्रजी असली तरी पोटाचं चित्र लाल झालं की काय समजायचं, हे कुणी सांगायला नको होतं. माणसाचं नाव दगडूने ठेवलं : बाल्या. पोरीने तेच उचललं. दोघांनी मिळून एका खाडीच्या काठाला झोपडी शोधली. ती जागा दगडूने निवडली, काठापासून बरीच वर.

"इतक्या लांब कशाला?" रीमाने विचारलं. "पाणी आणायला खाली जावं लागेल."

"भरती आली मंग?"

"इथे भरती येतच नाही, आबा."

दगडू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पडद्यावरच्या त्या निळ्या पाण्याकडे. "भरती न्हाय, व्हटी न्हाय. ह्या दर्याचा कोनी बापूस हाय का न्हाय?" पण झोपडी त्याने वरच ठेवली. रीमाने दोनचारदा हट्ट केला आणि मग सोडून दिला. शिकवणाऱ्याने कुठे थांबायचं हे तिला त्या वयातही कळत होतं.

जूनमध्ये रीमा गेली. नाशिककडच्या एका निवासी शाळेची परीक्षा ती पास झाली होती. घरात पेढे वाटले गेले, चंद्रावतीने डबाभर करंज्या केल्या, आणि जायच्या आदल्या संध्याकाळी रीमा बॅग भरायची सोडून टीव्हीसमोर येऊन बसली.

"या गेममध्ये एकच जीव असतो, आबा. बाल्या मेला की सगळं पुसलं जातं. झोपडी, लाकडं, आपण शिवलेला कोट, सगळं. मी दिवाळीला येईपर्यंत तू सांभाळ."

"सांभालतो."

"नक्की?"

"तांडेलाला इचारतंस नक्की?"

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या बाई आपल्या फोनवरून मुलींना घरी व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. पहिल्या रविवारी रीमाचं तोंड दिसलं आणि स्वातीने पदराने डोळे पुसले. पोरीचे डोळे सुजले होते. इथे मासे देतच नाहीत, ती म्हणाली. पाण्याला गंजाचा वास येतो. मुली आपसात बोलतात, मी गेले की गप्प होतात. मला घरी यायचंय.

अल्पेश म्हणाला, "महिनाभर बघ ना राजा." स्वाती फोनसमोरून बाजूला झाली, कारण बोलली असती तर "ये" म्हणाली असती. मग फोन दगडूकडे आला.

"आबा, बाल्या जिवंत आहे ना?"

"हाय की. सकालीच हरनाचं मटन खाल्लंन."

रीमाने नाक ओढलं. "तो एकटा राहतोय तर मी पण राहते. पण तो मेला ना आबा, तर मी येणार. सांगून ठेवते."

फोन बंद झाल्यावर सगळे दगडूकडे बघायला लागले. अल्पेश म्हणाला, "बाबा, आता तुज्यावर हाय."

तेव्हापासून दगडूचा दिनक्रम ठरला. उठला की चहाच्या आधी लॅपटॉप उघडायचा, बाल्याच्या शेकोटीत लाकूड घालायचं, त्याला पाणी पाजायचं. संध्याकाळी दिवे लागले की परत. एकदा चंद्रावतीबरोबर शेजारच्या डोंगरी गावाला एका बारशाला गेला तर जेवण अर्ध्यावर टाकून रिक्षा करून परत आला. घरी येऊन बघतो तर शेकोटी जळतच होती.

"लाकूड चांगलं हाय," तो बायकोला म्हणाला. "दिसभर टिकलं."

"मना कवा असा जपलास काय रं?" चंद्रावती म्हणाली.

"तू कवा बर्फात व्हतीस?"

आषाढ संपत आला तसा बाल्याच्या खाडीतही मोठा हिवाळा आला. पाणी गोठलं. हरणं कुठे गेली कळेना. डब्यातलं अन्न संपलं, झुडपांवरची लाल फळं संपली. दगडूने बाल्याला घेऊन आसपासचा सगळा काठ पालथा घातला, न पळता, घाम न येऊ देता, अगदी शिकवल्याप्रमाणे. काही मिळालं नाही. आता एकच वाट उरली होती आणि ती रीमाने सुट्टीतच दाखवून ठेवली होती. गोठलेल्या खाडीला भोक पाडायचं, गळ सोडायचा, मासा काढायचा. गळ बाल्याच्या पिशवीत तयार होता.

दगडूने गळ काढला नाही.

"का रं?" चंद्रावतीने विचारलं. ती सुकटीच्या कालवणाची दोन ताटं घेऊन त्याच्या शेजारी बसली होती. पोटाचं लाल चित्र आता तिलाही कळायला लागलं होतं.

"नारली पुनव व्हायची हाय अजून."

चंद्रावतीचा घास हातातच राहिला. "अरं, त्या टीवीतल्या दर्याला कसला नारल?"

"दर्या तो दर्या."

"तेला भरती बी न्हाय म्हनलास."

"न्हाय तर न्हाय. पन आता माशांच्या पोटात अंड्यांची गाभोली असंल. नारल पडल्याबिगर मी कवा पान्यात जाल टाकलंय? बाच्या हाताखाली न्हाय, तांडेल झालो तवा न्हाय. आता खाटेवर बसून टाकू?"

चंद्रावती त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून उठली. अल्पेश मात्र रात्री जेवताना वैतागला. "बाबा, गेम हाय तो. माशांच्या पोटात कायपन नसतं. पोरीला काय सांगशील? पुनव व्हती म्हनून मारला?" मुलगा चुकीचं बोलत नव्हता, हेच दगडूला जास्त लागलं. पोरीचा शब्द एकीकडे आणि दर्याचा एकीकडे. आयुष्यात असं दोन्हीकडून कधी ओढलं गेलं नव्हतं.

पुढचे दिवस त्याने बाल्याला जवळजवळ निजवूनच ठेवलं. जास्त हालचाल नको, जास्त भूक नको. तरीही दगडू रोज लॅपटॉप उघडून शेकोटीत लाकूड घाली, आणि दर खेपेला पोटाचं चित्र थोडं आणखी रिकामं होई. आता बाल्या चालताना धडपडायला लागला होता. दगडू त्याच्याशी बोलायचा. "जरा कल काढ. पुनव आलीच."

रविवार आला.

"आबा, बाल्या?"

"हाय. जरासा बारीक झालाय."

"बारीक म्हणजे? दाखव मला."

दगडूने फोन टीव्हीकडे धरला. तिकडून एक बारीक किंचाळी आली. "आबा! हा मरतोय! मासे का नाही पकडलेस? गळ आहे ना पिशवीत?"

"हाय. पन नारली पुनव व्हायची हाय, बाय."

दगडूने मान खाली घातली. आता पोरगी रडेल, ओरडेल, बॅग भरायला घेईल. अल्पेशने कपाळाला हात लावला.

पण रीमा कोळ्याची पोर होती. पुनवेआधी जाळं कोरडं असतं, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. ती ओठ चावत विचार करत राहिली आणि म्हणाली, "बरं. मग पुनवेपर्यंत बंद करून ठेव ना."

"बंद? आनि मंग शेकोटीत लाकूड कोन घालनार?"

"कुणी नाही."

"गारठून मरंल तो."

"आबा..." रीमा फोनच्या अगदी जवळ आली. "तू गेम बंद केलास की बाल्याला काय होतं असं वाटतं तुला?"

"काय व्हनार? बसून राहतो बिचारा. थंडीत."

"नाही रे आबा! बंद केलं की सगळं थांबतं. थंडी थांबते, भूक थांबते, शेकोटीपण थांबते. तू उघडतोस तेव्हाच त्याला भूक लागते!"

दगडूने टीव्हीकडे बघितलं. मग बायकोकडे. मग पुन्हा फोनकडे. "म्हंजे मी रोज सकाली..."

"तुला कुणी सांगितलं रोज उघडायला?"

"तूच. सांभाल म्हनलीस."

रीमा जी हसत सुटली ती थांबेचना. महिन्याहून जास्त दिवसांत तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या मागे दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या, आणि रीमा हसता हसता त्यांना सांगायला लागली, "अगं माझा आबा ना, तो रोज सकाळी उठून..." हातातला फोन कधी खाली ठेवला ते तिलाही कळलं नसावं. शेवटी पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि तीन पोरींचं हसणं ऐकू येत होतं.

इकडे चंद्रावतीही पदर तोंडाला लावून हसत होती. "बारसा सोडून आलास, मेल्या! थांबलेल्या मानसासाठी!"

दगडूही हसला. मग त्याने लॅपटॉप बंद केला. हळू, झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटावं तसा.

पुनव शनिवारी आली. वाजतगाजत नारळ निघाला, बायका दागिने घालून नाचल्या, पुतण्याने होडीला नवा रंग दिला होता. दगडू काठावर उभा राहिला आणि नारळ पाण्यात पडताना त्याने हात जोडले. या वेळी मनात दोन दर्या होते. एका नारळात दोघांचं भागवून घे, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी आंघोळ करून त्याने लॅपटॉप उघडला. बाल्या जिथे ठेवला तिथेच होता. दगडूने त्याला धरून धरून काठावर नेलं, बर्फाला भोक पाडलं, गळ सोडला. बराच वेळ काही लागलं नाही. मग दोरी ताणली गेली आणि मासा वर आला, चांगला हातभर, चंदेरी. दगडू इतक्या जोरात ओरडला की चंद्रावती पिठाच्या हातांनी धावत आली.

"आता भाज लवकर. मरतोय तो," ती म्हणाली.

"थांब. पोरीला दावतो आधी. तिचा फोन येऊ दे."

त्याने मासा शेकोटीजवळ ठेवला, खेळ तसाच थांबवला, आणि दुपारपर्यंत टीव्हीसमोरून हलला नाही.

फोन आला. रीमाच्या केसांत कुणीतरी नवीनच वेण्या घातल्या होत्या. ती भरभर बोलत होती. खो-खोच्या संघात घेतलंय. समीक्षा म्हणून एक मुलगी आहे, तिच्या घरून आलेला चिवडा आम्ही सगळ्या मिळून खाल्ला. बाईंनी मला वर्गात कविता म्हणायला लावली. आई, माझी निळी ओढणी पाठव. आबा, तुझा तो किस्सा ना, मी अख्ख्या वसतिगृहाला सांगितला, सगळ्या मुली तुला बघायचं म्हणतात, बघ, हा माझा आबा! पाच-सहा तोंडं फोनमध्ये दाटली. दगडूने हात हलवला. मागून शिट्टी वाजली, कुणीतरी रीमाला ओढलं.

"चल आबा, मॅच आहे. पुढच्या रविवारी!"

फोन बंद झाला. दगडूने तो गादीवर पालथा ठेवला.

"दावलास मासा?" चंद्रावतीने दारातून विचारलं.

"न्हाय. टाईम न्हवता तिला."

"काय म्हनली मंग?"

"बरी हाय," दगडू म्हणाला, आणि थोडं थांबून परत म्हणाला, "लय बरी हाय."

त्याने कंट्रोलर उचलला, शेकोटीत लाकूड सारलं, मासा भाजला, आणि बाल्याला जेवू घातलं.